जावईबापूंची ट्यूब

६ मे
ट्यूब गेली! दुपारी व्होल्टेज वरखाली झालं, कूलर घरघरला आणि जावईबापूंच्या पिंजऱ्यावरची लांब ट्यूब विझली ती विझलीच.

जावईबापू म्हणजे मेघाने पाळलेला कॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा. दिवसभर फांदीवर बसायचं, डोळे फिरवून सगळ्यांवर नजर ठेवायची आणि खाणं जागेवर हवं — म्हणून हे नाव मीच ठेवलं. लेक हैदराबादला नोकरीवर गेली. तिला धड घर मिळेपर्यंत हा आमच्याकडे. जाताना एवढंच बजावलं, "आई, पिंजऱ्यातली झाडं वाळली तरी चालन, ह्याची ट्यूब बंद पडू देऊ नको."

१५ जूनला न्यायला येणार आहे.

७ मे
सीताबर्डीचा सगळा बाजार पालथा घातला. उन्हाने डोकं भणभणलं. तसली ट्यूब कुणाकडेच नाही. एकाने झाडांसाठीचा जांभळा दिवा दिला. पिंजऱ्यात जास्वंद आहे, मनीप्लांट आहे — म्हणजे हाच चालेल. खोली वरातीसारखी दिसते!

१९ मे
मनीप्लांट जाळीबाहेर डोकावतोय. जास्वंदीला कळी आली. आणि जावईबापू भरदिवसा डोळे मिटून. किडा तोंडाशी धरला तरी जीभ बाहेर येत नाही.

मेघाने फोनवर विचारलं. मजेत आहे म्हटलं. खोटं बोलले.

२० मे
गल्लीतल्या डॉक्टरांनी हात जोडले — कुत्री-मांजरं आणा म्हणाले. शेवटी गौरांगला फोटो पाठवला. मेघाचा मित्र, अमरावतीला असतो, असले प्राणी पाळतो. मेघाला सांगू नको, अशी शपथ घातली आधी.

"काकू, तो झाडाचा लाइट आहे. ह्याले उन्हातले किरण देणारी ट्यूब लागते, नाही तर हाडं मऊ पडतात. आणि मधे काच नको — काचेतून ते किरण जातच नाहीत."

गच्चीवर ऊनच ऊन आहे. पण हे नागपूरचं ऊन! भाजूनच निघेल बिचारा. ट्यूब गौरांगच बसने पाठवतोय.

झाडं तेवढी जगली. लाज वाटते त्या कळीकडे बघायला.

२३ मे
ट्यूब आली. लावली. देवा, सांभाळ.

२९ मे
काही फरक नाही! आज तर फांदीवरून घसरला. धरायला वाकले, वर पाहिलं — ट्यूब आणि जाळीच्या मधे शोकेसची काच. ह्यांचं काम! मी इतकी ओरडले की शेजारच्या अंजनाबाई दारात आल्या.

हे चाचरत म्हणाले, "कूलरचं पाणी उडून राहिलं होतं वं. शॉक लागला असता त्याले."

मग त्यांनीच काच काढली, कूलरही ओढत बाहेरच्या खोलीत नेला. आता आम्ही दोघं घामाने निथळतोय. सख्ख्या जावयासाठी कुणी एवढं करणार नाही.

४ जून
डोळे उघडले. किडा खाल्ला! ह्यांनी पेढे आणले, स्वतःच खाल्ले.

९ जून
पुन्हा खाणं बंद. आणि खाली उतरलाय. कधी उतरत नाही हा! जास्वंदीच्या कुंडीत बसून माती उकरतोय, सारखी उकरतोय.

हे बराच वेळ बघत उभे होते. म्हणाले, "आपली शेवटची जागा करून राहिला तो."

मी त्यांच्यावर चिडले. मग मोरीत जाऊन रडले. मेघाचा फोन वाजत होता. उचलला नाही.

१० जून
कुंडीत अंडी! पांढरी, शेंगदाण्याएवढी, ओंजळभर. गौरांग म्हणतो, नर नसला तरी घालतात, पिल्लं नाही निघणार. पण अडकली असती तर जीव गेला असता. ट्यूबने हाडात जोर आला म्हणून सुटली. ज्याला जावईबापू म्हटलं, ती आता ट्यूबखाली बसून पानावरचं पाणी पितेय.

मेघाला मीच फोन केला. सांगितलं, १५ तारखेला येऊ नको. जावई नाही, लेक निघाली. बाळंतिणीला सव्वा महिना तरी माहेरून पाठवत नाहीत.