कोपीसाठी उपसलेला कडबा

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, होऊन आठवडा. संध्याकाळ.

आज शेतात गेले तर रामबुटानची पानं काळी. लिचीसारख्या फळाचं, केरळातून आणलेलं रोप, दोन हिवाळे जगवलं होतं. थंडी लागू नये म्हणून भोवती कडबा उभा केला होता. येळवसेच्या पूजेची कोपी, म्हणजे खोपटं, बांधायला भाऊजींनी नेमका तोच उपसून नेला. गंजीत कडबा काय कमी होता?

घरी येऊन विचारलं तर भाऊजी म्हणाले, "वहिनी, लई मनाला लावून घ्यायलात. झाडच हाय की! आंबा लावा." सगळे हसले. हेसुद्धा.

त्याच कडब्याच्या सावलीत बसून येळवसेला मी, काही ठाऊक नसताना, सगळ्यांना ताकातली अंबिल वाढली. भाऊजींना तर दोनदा.

निघताना शेतात खोड नखाने खरवडून पाहिलं होतं. हिरवं कुठेच नाही.

भाऊजींशी मी भांडेनच. पण हे का हसले?