हारालाम्पीसाठी दहा जड काडतुसं

मिंका, गुडघ्याची सूज उतरली का? बोयान, दाढ काढलीस की अजून लवंगच धरून बसला आहेस? नोटरीसाहेब, तुमच्या आईंचा खोकला कसा आहे? आणि हारालाम्पी, तुझं हृदय नीट चालतंय ना? चालू दे. माझ्यामागे तू काही वर्षं जगावंस म्हणून मी दर रविवारी चर्चमध्ये तुझ्याच हातून मेणबत्ती घेऊन लावते.

मी, केरा बुरोवा, डेल्चो बुरोवची विधवा, वय एकोणऐंशी, राहणार गोर्नो यासेनोवो, अक्कल शाबूत असताना, चष्मा पुसून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की:

कलम १. घर, अंगण आणि आलुबुखारची सतरा झाडं माझी भाची मिंका हिला. मात्र कलम ४ पाळलं तरच. चिमणीपाशी छप्पर गळतं, ते आधी बघून घे, बाळा.

कलम २. काडतुसं भरायचं यंत्र, साचे आणि पितळी तराजू बोयानला. सगळ्या शिकारमंडळाने पाठ फिरवली तेव्हा हा एकटाच काडतुसांची रिकामी टरफलं भरून घ्यायला माझ्या स्वयंपाकघरात येत राहिला. बोयान, लांबचं आणि जवळचं एका पिशवीत ठेवू नकोस. कड्यावरच्या रानबकऱ्याला तीनशे पावलांवरून मारायचं तर गोळी हलकी, टोकदार, पातळ तांब्याच्या वेष्टनाची. झाडीत चाळीस पावलांवर रानडुक्कर असेल तर जड, बोथट, जाड तांब्याची. जड गोळी मांसात अळंबीसारखी उमलते, पण एकसंध राहते आणि आत पोचते. हलकी जवळून मारलीस तर डुकराच्या खांद्यावरच्या जाड, चिवट कातडीच्या ढालीवरच फुटते. डुक्कर मरत नाही, पिसाळतं.

कलम ३. माझ्या कपाटात हारालाम्पीच्या नावाची डबी आहे. तीत दहा जड काडतुसं आहेत. त्याची आहेत, त्याला द्यावीत. परवान्याचं नोटरीसाहेबांनी बघावं.

ही बत्तीस वर्षांपूर्वी भरली. हारालाम्पी तेव्हा मंडळाचा प्रमुख होता. हाकाऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला सांगितलं, सकाळी जाता जाता तुझी जड काडतुसं घेऊन जा. कड्यावरच्या शिकारीतून उरलेली हलकी त्याच्या खिशात होती. तो हसला. म्हणाला, "गोळी ती गोळी, वहिनी. डुकराला काय वाचता येतं?"

सकाळी तो फिरकलाच नाही. तीस पावलांवरून त्याने गोळी झाडली. जखमी डुक्कर उतारावरून सुटलं आणि खालच्या जागेवर उभ्या असलेल्या माझ्या डेल्चोची मांडी त्याने फाडली. गाडी मोठ्या रस्त्याला लागेपर्यंतही तो टिकला नाही. पुढे ते डुक्कर दुसऱ्यांनी पाडलं. आणि हारालाम्पीने गावभर सांगितलं की, केराने काडतुसात दारू कमी भरली, गोळीत जोरच नव्हता.

रीतीप्रमाणे मांसाचे वाटे फांद्यांवर मांडले. मेलेल्याचाही वाटा धरला. कोणता वाटा कुणाचा ते न बघता सांगायला बोयान पाठ करून उभा राहिला. हारालाम्पीने एका वाट्यावर हात ठेवून विचारलं, हा कुणाचा? बोयान म्हणाला, डेल्चोचा. तो वाटा खांद्याचा निघाला.

मीठ लावायला मी तो खांदा सोलला. ढालीतच पातळ तांब्याच्या सात कपच्या अडकल्या होत्या. दारू कमी असती तर गोळी मंद लागून अख्खी राहिली असती. तसलं पातळ तांबं त्या वर्षी मी एकट्या हारालाम्पीसाठी आणलं होतं. कपच्या रुमालात बांधून मी त्याच्या अंगणात गेले. चार माणसांदेखत तो म्हणाला, "वहिनी, नवरा गेल्याचं दुःख कळतं मला. पण तुझा हात तराजूवर थरथरतो, आता काय करणार?"

माझा हात आजही थरथरत नाही. हे अक्षर बघा.

कलम ४. माझ्या निधनाच्या पत्रकावर फोटो लहान घ्यावा आणि खाली मोठ्या अक्षरात छापावं: "केरा बुरोवाने दारू कधी कमी भरली नाही. डेल्चोचा जीव घेणारं डुक्कर हारालाम्पीच्या हलक्या गोळीने पिसाळलं, तीस पावलांवरून." एक पत्रक माझ्या फाटकावर, एक चर्चच्या दाराशी, तीन हारालाम्पीच्या घरासमोरच्या खांबावर. रीतीप्रमाणे चाळिसाव्या दिवशी नवं लावावं, सहा महिन्यांनी नवं, मग दर वर्षी. मेलेल्याचं पत्रक फक्त पावसाने उतरवायचं असतं. चर्चचा विश्वस्त झालेला हारालाम्पी ते स्वतःच्या हाताने फाडतो का, हे गाव बघेल.

कलम ५. याची नक्कल आजच हारालाम्पीला टपालाने पाठवत आहे. येत्या कोणत्याही रविवारी, प्रार्थना सुटल्यावर, सगळ्यांसमोर त्याने खरं काय ते सांगितलं तर कलम ४ मी स्वतः खोडीन. क्षमा मात्र मागू नये, माझ्याकडे नाही. डॉक्टरांनी मला आलुबुखार पिकेपर्यंतची मुदत दिली आहे. तेव्हा हारालाम्पी, उत्तर लवकर पाठव. पत्रकं छापून आली आहेत, फक्त तारखेची जागा कोरी आहे.

सही: केरा बुरोवा

साक्षीदार: वेन्का कारादझोवा, शेजारीण
रुमेन चाकालोव, पोस्टमन

गोर्नो यासेनोवो, ९ मार्च २०१९