वाटीवरचा हात

आबा,

गेल्या बुधवारी आम्ही बाहेर जेवायला गेलो. आपल्या भटारखान्याची फरशी उखडून नवी बसवायची होती, म्हणून दोन दिवस हॉटेल बंद ठेवलेलं. तुमची सून म्हणाली, जन्म गेला लोकांना जेवायला घालण्यात, एकदा तरी मला कुणीतरी आयतं वाढू दे. मग मी, ती आणि तुमची नात असे तिघं हायवेच्या कडेला नवीन झालेल्या त्या मोठ्या हॉटेलात गेलो. दारात बैलगाडी उभी केलीय, खरीखुरी, फक्त बैल सिमेंटचे. फेटा बांधलेला एक माणूस वाकून मुजरा करतो आणि लगेच विचारतो, बुकिंग आहे का. आत गारठा असा की तुमच्या सुनेनं पदर डोक्यावरनं घेतला. बसल्या बसल्या पाण्याच्या तीन बाटल्या आल्या आणि न विचारता त्यांची बुचंपण फिरवली. म्हणजे त्या आता आपल्याच झाल्या. मी धंद्यातला माणूस, मला हे कळतं, तरी राग आला.

थाळी पितळेची, मोठी, चकचकीत. मटणाचे पाच तुकडे, त्यातलं एक नुसतं हाड. पांढरा रस्सा कोमट, कसलं तरी पीठ लावून दाट केलेला. आणि वाट्या, आबा, औषध घ्यायला द्याव्यात एवढ्या. पहिल्या भाकरीतच तांबडा संपला. मी वाढप्याला हात केला. तो आला, चाळिशीचा, मिशीवाला, आणि म्हणाला, "रिपीटला पन्नास हुतील सायेब." माझं डोकं सटकलं. चारी टेबलांना ऐकू जाईल असं मी म्हणालो, "अवो पावणं, कोल्हापुरात रश्श्याला पैसं? कुठल्या गावाला आलोय मी?" लोक वळून बघायला लागले. तो काही चिडला नाही. जरा वाकला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "मालक, वळखलं न्हाईसा व्हय? तुमच्याकडं चार म्हैनं हुतो की. तुमच्यात चाळीस हाय. हितं एसी जास्त हाय, म्हणून धा वर."

तुमची सून पाणी पीत होती, तिला ठसका लागला. हसत होती ती. नातीनं मान मोबाइलात घातली. मी खाली बघून राहिलेली भाकरी हाडाला पुसून खाल्ली.

तर हो, आबा, आपण रश्श्याचे पैसे घेतो. पाडव्यापासनं. थाळीबरोबर दोन वाट्या तांबडा, दोन पांढरा, त्याच्यावर घेतला तर वाटीला चाळीस. दुसऱ्या कुणाकडनं कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं, म्हणून हे लिहायला बसलोय. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही सांगावं असं वाटलं नाही, असं नाही. पण असं तोंड लपवून सांगण्यासारखं काही नव्हतं.

स्टँडाजवळची आपली खानावळ मला अजून डोळे मिटले की वासासकट दिसते. सहा बाकडी, भिंतीला तेलकट निळा रंग, मागं आई चुलीपुढं, आणि मधल्या बोळातनं तुम्ही. डाव्या हातात रश्श्याची बादली, उजव्या हातात ते लांब दांड्याचं ओगराळं. तुम्ही गल्ल्यावर फारसं बसायचा नाही. गल्ला काय, कुणीपण बघतंय, म्हणायचा. तुमचं लक्ष वाट्यांवर. गिऱ्हाईक बोलत असो, पेपर वाचत असो, त्याची वाटी निम्म्यावर आली की तुम्ही तिथं उभे. विचारायचं नाही, नुसतं ओतायचं. कॉलेजात असताना मला ते अडाणीपणाचं वाटायचं. समोरच्या माणसाला विचारायला नको का, नको असेल तर वाया जाईल, असलं शहाणपण मी तुम्हाला शिकवायला गेलो होतो. तुम्ही बादली खाली ठेवून सांगितलं होतं, "इचारायचं न्हाय. वाढायचं. नगं असंल तर हात येतोय की वाटीवर. पर हातबी वळखायला शिक. वाढल्यावर आला तर त्यो पोटाचा हात, तितं थांबायचं. वाढायच्या आदी आला तर त्यो लाजंचा."

लाजेच्या हाताला तुम्ही काय करायचा ते मी शंभरदा बघितलंय. ओगराळं भरून त्या हाताच्या वर धरून उभं राहायचं. खालनं वाफ, वरनं वाफ. आणि म्हणायचं, "हात भाजंल, पावणं." माणूस हसायचा आणि हात काढून घ्यायचा. कुणीही असो, काढायचाच.

मग ते तुमच्या तापाचे दिवस. मी एकोणीस वर्षांचा आहे. तुम्ही मफलर गुंडाळून गल्ल्यावर बसलाय आणि बादली पहिल्यांदा माझ्या हातात आहे. सकाळचे अकरा वाजलेत. इचलकरंजीचा एक मागावरचा कामगार आलाय, रात्रपाळी करून तसाच एस्टीत बसलेला, केसांत कापसाची रुई. तो जेवतोय, आणि काय जेवतोय. सहाव्या भाकरीला मी मनात वाट्या मोजायला लागलोय. सात झाल्या. आठव्याला मी बादली घेऊन त्याच्याजवळ जातो आणि विचारतो, "आणखी पाहिजे?" एवढंच. वाईट आवाजातसुद्धा नाही. तो माझ्याकडं बघतो, वाटीवर हात ठेवतो आणि उरलेली अर्धी भाकरी पाण्याबरोबर गिळून उठतो.

तुम्ही त्याच्याकडनं पैसे घेतले, सुट्टे दिले, तो गेला. मग मला म्हणालात, "उपाशी गेला त्यो." मी म्हणालो, "आबा, सात वाट्या घेतल्या त्यानं." तुम्ही म्हणालात, "त्यानं मोजल्या नव्हत्या. तू इचारलंस, तवा त्यानं मोजल्या." मला वाटलं, तिथंच मिटलं.

मिटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला बाकड्यावर बसवलंत. अंगात ताप होता तुमच्या. आईनं वाढलं, आणि तुम्ही माझ्या डोक्याशी उभे राहिलात. पहिला घास घेतला की, "आणखी पायजे काय?" दुसरा घास. "आणखी पायजे काय?" आवाजात राग नाही, काही नाही, कुणी परक्यानं विचारावं तसं. तिसऱ्या घासाला मी म्हणालो, नको. भूक मरणाची लागली होती, आबा. तसाच उठलो, हात धुतला, आणि मागच्या मोरीत जाऊन रडलो. आईनं नंतर मला भाकरी दिली, तुम्हाला कळू न देता असं तिला वाटलं, पण तुम्हाला कळलं होतं, कारण भाकरीबरोबर रस्सा होता आणि बादली तुमच्याजवळ होती.

एवढं शिकवलेला माणूस रश्श्याला भाव कसा लावतो, असं तुम्ही विचाराल. लावतो, सांगतो. मटणाचा भाव तुम्ही ऐकलात तर परत एकदा जाल. गॅसच्या टाक्या, खोबरं, तीळ, कशाला हात लावायची सोय नाही. कामाला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत, मिशीवाल्यानं चार महिन्यांतच रामराम केला. आणि लोकही तसेच. चौघं यायचे, दोन थाळ्या घ्यायचे आणि बादलीभर रस्सा ओरपून जायचे, वर अर्धा ताटात टाकून. तेव्हाही अशी माणसं होती, मला माहीत आहे. तुम्ही त्यांनाही वाढायचा. पण तुमची सहा बाकडी होती, भाडं नाममात्र होतं, आणि वाढपी म्हणजे तुम्ही स्वतः, बिनपगारी. माझी बावीस टेबलं आहेत आणि डोक्यावर जागेचं भाडं. नातीनं सगळं कागदावर मांडून दाखवलं. ती शिकलीय याच धंद्यातलं. थाळी महाग केली तर माणूस दारातनं परत जातो, रश्श्याला लावले तर आत येतो, असं तिचं म्हणणं. तिचं चुकत नाही, हीच अडचण आहे.

खरं दुखणं पुढंच आहे. नवीन मेन्यूकार्ड छापलं तेव्हा पहिल्या पानावर तुमचा फोटो टाकला. तुमचा एकच फोटो आहे हातात ओगराळं घेतलेला, त्या स्टुडिओवाल्या गिऱ्हाइकानं काढलेला. तुम्ही कॅमेऱ्याकडं बघतसुद्धा नाही, कुणाच्या तरी वाटीकडं बघताय. खाली लिहिलंय, आबांच्या हातची चव. आणि त्याच्या खाली, बारीक अक्षरात, रस्सा रिपीट केल्यास प्रति वाटी चाळीस रुपये. मी ते छापायच्या आधी वाचलं होतं. दोनदा वाचलं होतं. मला त्यात काही खटकलं नाही. ते खटकायला बुधवार उजाडावा लागला.

आणि मग रविवार आला. दुपारची गर्दी, मी गल्ल्यावर. होय, मी गल्ल्यावरच बसतो. कोपऱ्यातल्या टेबलावर एक म्हातारा-म्हातारी, गारगोटीकडची, पोराकडं आलेली असावीत. दोघांत एकच थाळी. आपल्यात एका थाळीत दोघांना बसू देत नाहीत, तसा बोर्डच आहे, पण वाढप्यानं दुर्लक्ष केलं, मीही केलं. म्हातारा तांबड्याची दुसरी वाटी सारखी बायकोकडं सरकवत होता. ती संपली, आणि आपला वाढपी जवळ जाऊन म्हणाला, "रिपीट करू?" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हाताऱ्याचा हात वाटीवर आला. "बास बास, लई झालं." ताटात दीड भाकरी तशीच होती. ती दोघांनी कांद्याबरोबर खायला घेतली.

मी उठलो, आबा. आत जाऊन पातेलं आणि ओगराळं घेतलं आणि त्यांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "घ्या की पावणं, पैसं न्हाईत." म्हातारा म्हणाला, "नगं मालक, खरंच नगं," आणि हात तसाच ठेवला. मी ओगराळं वर धरलं, तुमच्यासारखं. थांबलो. मनगट भरून आलं, दोन थेंब फरशीवर पडले. बाजूच्या टेबलावरची पोरं बघत होती. त्यानं हात काढला नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, टेबलावरच्या कार्डाकडं बघत बसला. शेवटी मीच ओगराळं पातेल्यात सोडलं.

म्हातारीनं कार्डावर बोट ठेवून विचारलं, "ह्ये कोन?" मी म्हणालो, माझे वडील. म्हाताऱ्यानं कार्ड उचलून डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाला, "ह्यांच्या हातचं जेवलोय म्या. स्टँडाजवळ. बाजारच्या दिवशी यायचो." जरा हसला. "हात भाजंल म्हणायचे." मग टोपी घातली, थाळीचे पैसे मोजून टेबलावर ठेवले, आणि वाढप्याला म्हणून दहा रुपये वेगळे. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो. रिक्षा मिळवून दिली.

संध्याकाळी नातीला म्हणालो, ती ओळ काढूया. ती म्हणाली, "काढा की पप्पा. मग थाळीला साठ वाढवा. पुढच्या वेळी ती दोघं बाहेरचा बोर्ड वाचूनच माघारी जातील, तुम्हाला दिसणारपण नाहीत." मी रात्रभर विचार केला आणि सोमवारी प्रेसवाल्याला फोन लावला.

आज नवीन कार्डं आली. ओळ आहे. तुमचा फोटो नाही. नातीनं विचारलं, आजोबांना का काढलं, तर मी सांगितलं, छपाईत काळा पडत होता. ते खोटं आहे. फोटो चांगला येत होता, वाटीकडं बघणारे तुमचे डोळेसुद्धा नीट दिसत होते. तुमच्यादेखत रश्श्याचे पैसे घ्यायची मला लाज वाटत होती, आबा. तुम्ही कार्डावर नसलात की वाटणार नाही, असं मी धरून चाललो होतो. दुपारपासनं रिपीटच्या नऊ वाट्या गेल्या. वाटते.