दाखल्यावरची तारीख

नाटे, ता. राजापूर
रविवार, २३ जून १९८५

चि. मालन हिस,
तुझ्या दादूआबाचे आणि मथुराकाकीचे पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? परीक्षेच्या दिवसांत डोळे चुरचुरायचे म्हणाली होतीस, ते थांबले का? तुझ्या आईचं, राहीचं, कंबरेचं दुखणं कसं आहे? तिला म्हणावं, वाकून केर काढू नकोस, लांब दांड्याचा झाडू आण. तुझ्या बापाचा, हरिश्चंद्राचा, खोकला वर्कशॉपच्या धुरानं पुन्हा वाढला असेल, तो स्वतः सांगायचा नाही, तूच लिही. इकडे काकीचा गुडघा पावसाळा लागला की बोलतो, तसा बोलतोय. मी बरा आहे. होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारल्या, आता नारळी पौर्णिमेपर्यंत माणसं जाळी विणत बसतील आणि माझ्याकडे फॉर्म भरायला येतील.

बारावीला शास्त्राच्या तीन विषयांत तीनशेपैकी दोनशे शहाऐंशी! गावात एवढे गुण ऐकून कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा तुझं पत्रच दाखवलं. काकीनं ग्रामदेवतेला नारळ दिला आणि शेजारणींना खोबरं वाटताना प्रत्येकीला सांगितलं की पोर माझ्या हाताखाली वाढली आहे.

मेडिकलच्या फॉर्मबद्दल विचारलंस. मी चौथी नापास, अक्षर बोटीवर नोकरीत असताना भंडाऱ्याच्या, म्हणजे स्वयंपाक्याच्या, खोलीत जुन्या वर्तमानपत्रांवर गिरवून शिकलो. तरी पंधरा-सोळा वर्षांत गावच्या पोरांचे इतके फॉर्म भरलेत की चार गोष्टी सांगू शकतो. माहितीपुस्तक मागल्या बाजूनं वाचायला घे. नियम बारीक टायपात मागे असतात आणि पोरं नेमकी तिथेच पुस्तक मिटतात. आधी पेन्सिलीनं कोऱ्या कागदावर सगळा फॉर्म उतरवून काढ, मग शाईनं. गुणपत्रिकेच्या खऱ्या नकला सहा कर, दोनवर थांबू नकोस, आणि सहीशिक्क्याला जाताना मूळ कागद बरोबर ने. अस्सल कागद कोणाच्याही हातात सोडून येऊ नकोस. पोस्टानं पाठवलास तर रजिस्टर कर आणि पावती आईकडे दे, बापाकडे नको, तो ती खिशात घालून शर्ट धुवायला टाकील.

मुलाखतीला बोलावलं तर येत नाही ते येत नाही म्हण. आपली पोरं तिथे घाबरून काहीतरी ठोकून देतात आणि मग एकाला सांभाळायला दुसरं ठोकतात. डॉक्टर का व्हायचंय विचारलं तर गरिबांची सेवा वगैरे म्हणू नकोस, ते सगळेच म्हणतात. तू काकीच्या गुडघ्यावर निर्गुडीचा पाला बांधायचीस आणि दुसऱ्या दिवशी सूज दोऱ्यानं मोजायचीस, ते सांग.

आणि एकाच कॉलेजावर जीव टाकून बसू नकोस. रत्नागिरीला बी.एस्सी.चा फॉर्मही याच आठवड्यात भर. मेडिकल मिळालं तर तो फाडून टाकता येईल. हे मी सगळ्यांनाच सांगतो. तुला जरा जास्त आग्रहानं सांगतोय.

का, ते आता लिहितो. दोनदा हा कागद बाजूला ठेवून पडवीत जाऊन आलो.

तू लिहिलंस की मेडिकलला यंदाच्या ३१ डिसेंबरला सतरा वर्षं पुरी लागतात, आणि दाखल्यावर तुझी तारीख १० फेब्रुवारी १९६९ आहे, म्हणजे चाळीसेक दिवस कमी पडतात. घरात सगळे म्हणतात तू सदुसष्टच्या श्रावणातली, तेव्हा चूक शाळेत नाव लिहून घेणाऱ्या सखाराम गुरुजींची असणार, त्यांना भेटून दुरुस्त करून आणा. आणि हेही लिहिलंस की बाबांनी स्पष्ट सांगितलंय, यंदा मेडिकल झालं तर शिकवीन, नाहीतर जैतापूरचं स्थळ दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहे.

मी मंगळवारी गुरुजींकडे गेलो. हरिश्चंद्रानं त्यांना आधीच कार्ड धाडलं होतं. म्हाताऱ्यानं ते पुढे केलं. त्यात तुझ्या बापानं लिहिलं होतं की तुमच्या निष्काळजीपणानं माझ्या पोरीचं नुकसान झालं, मी वर तक्रार करणार. बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला. मी वाचून खाली ठेवलं.

गुरुजी म्हणाले, "तारीख मला आठवत नाही दादू. पण एवढी उंच पोर पाच वर्षांची कशी, असं मी तुला विचारलं होतं. तू म्हणालास, आमच्या घराण्याचं हाडच मोठं."

असंच म्हणालो होतो.

मालन, ती तारीख मी सांगितली. चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये. गुरुजींनी जन्मतारीख विचारली तेव्हा खिशात माझं बोटीवरच्या नोकरीचं पुस्तक होतं, त्यातली मी शेवटच्या बोटीवरून कायमचा उतरल्याची तारीख डोळ्यांपुढे आली, तीच सांगून टाकली. गावात कोणी विचारलं तर म्हणायचो की वय कमी लावलं म्हणजे पुढे नोकरीत दोन वर्षं जास्त मिळतात. पुष्कळ जण तसं करतात, म्हणून कोणाला नवल वाटलं नाही. गुरुजींनी मग तुझी अक्कल पाहून तुला पहिलीतून सरळ तिसरीत बसवलं. त्यामुळे बारावीला पोचताना दाखल्यावरचं वय आणखी एका वर्षानं कमी पडलं. मी तेव्हा पेढे वाटले.

पण नोकरीचं कारण खरं नव्हतं.

राहीला टायफॉइड झाला आणि तू सव्वा वर्षाची आमच्याकडे आलीस. हरिश्चंद्राला अलोऱ्याला क्वार्टर मिळाल्यावर त्यानं सांगितलं, शाळेत घालायची झाली की नेतो. बाहत्तरच्या जूनमध्ये त्याचं पत्र आलं. मी उलट लिहिलं, गुरुजी म्हणतात अजून लहान आहे. त्र्याहत्तरला पुन्हा तेच लिहिलं. गुरुजींना मी विचारलंदेखील नव्हतं. तू घरात पाटीवर माझ्याकडून शिकत होतीस, काकीच्या मागे मागे विहिरीवर जात होतीस. आम्हाला मूल नाही हे त्या दिवसांत आम्ही विसरलो होतो. तिसऱ्या वर्षी, चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये, तो स्वतः यायला निघाला, तेव्हा त्याच्या आदल्या दिवशी मी तुला शाळेत नेऊन नाव घातलं. सात वर्षांची पोर पहिलीत का, हे कोणी विचारू नये म्हणून पाचाची केली. तो आला, नाव घातलेलं पाहिलं आणि म्हणाला, असू दे दादा, आता मध्येच कशाला हलवायची. तू सातवीपर्यंत आमच्याकडे राहिलीस.

हे तुझ्या बापाला आजपर्यंत ठाऊक नाही.

गुरुजी काय म्हणाले, ते सांगतो. म्हणाले, "शाळेची चूक झाली असं लिहून आण, मी सही करतो. माझी आता कोण बढती अडवणार आहे?" मी ते पत्र घरी येऊन लिहिलंसुद्धा. झकास लिहिलं. शाळेनं कबूल केलं तर कदाचित तारीख बदलली असती. दोन दिवस ते ट्रंकेत ठेवलं. तुझं वर्ष एका बाजूला आणि त्या माणसाची अब्रू दुसऱ्या बाजूला. शेवटी काकीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "पोर दोघांनी ठेवून घेतली, तर नाव गुरुजींचं कशाला? आधी तिला लिहा. मग भावाकडे जा."

ते पत्र चुलीत घातलं.

शुक्रवारी राजापूरला जाऊन माझ्या नावाचं प्रतिज्ञापत्र केलं. खोटी तारीख मी दिली, जाणूनबुजून दिली, शाळेचा दोष नाही, असं त्यात आहे. कारकून म्हणाला, बोर्डाची परीक्षा झाल्यावर एवढ्यानं तारीख बदलत नाही. तरी एक प्रत सोबत आहे, ती फॉर्मला जोड. यंदा होईल अशी आशा मी तुला दाखवणार नाही. पुढल्या वर्षी याच गुणांवर अर्ज घेतात का, ते कॉलेजात विचार, आणि तोंडी उत्तरावर येऊ नकोस, लेखी घे.

४ जुलैला, गुरुवारच्या एस.टी.नं मी अलोऱ्याला येतोय. हरिश्चंद्रासमोर उभा राहून सांगेन. तो मला कधी उलट बोललेला नाही. आता बोलला तर ऐकून घेईन. त्याच्याकडे तुझ्यासाठी एक वर्ष मागणार आहे. त्यानं मागितल्यावरही त्याची पोर बाहत्तरपासून आठ वर्षं ठेवून घेतलेल्या माणसाला मागायचं तोंड नाही, तरी मागणार. गुरुजींना त्यानं दोन ओळी माफीच्या लिहाव्यात, हेही मागणार.

तुझ्याकडे काय मागू? माफी मागायचा मला हक्क नाही, आणि माफ करून टाक असंही म्हणणार नाही. रत्नागिरीचा फॉर्म मात्र माझ्यावरच्या रागानं कोरा ठेवू नकोस.

काकीला वाचता येत नाही. तुझं मागलं पत्र वाचून दाखवताना वयाचा मजकूर मी गाळला होता, तिला कळलं ते नंतर. आता मी येण्याआधी पत्र पाठव. जे मनात येईल ते लिही, जेवढं कडू असेल तेवढं लिही. मी ते तिच्यापुढे बसून मोठ्यानं वाचणार आहे, एकही ओळ न सोडता. ३ जुलैच्या, बुधवारच्या टपालापर्यंत वाट पाहतो.

तुझा,
आबा म्हणायचं की नाही ते तू ठरव,
दादू