रेडॉनला सहा फ्लोरीन

३ मार्च
आजपासून नवी सुरुवात. रेडॉन हा एकलकोंडा वायू, सहसा कुणाशी जुळत नाही. त्याला दोन फ्लोरीन जोडले म्हणे लोकांनी. मी सहा जोडणार. संकल्प : रागावर ताबा.

४ मार्च
लॅबमध्ये जोडीला मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ म्हणून सहन करतो. म्हणाला, भाऊजी, नळीला आतून तेल लागलंय, फ्लोरीन सोडला की पेटेल. पुसल्याशिवाय मी हात लावणार नाही, असंही म्हणाला. मी पाना फेकला. त्याच्या खांद्याला लागला. नेम कपाटावर होता.

५ मार्च
बायकोने विचारलं, धाकट्याच्या खांद्याला काय झालं. कपाटाचं दार लागलं म्हणून सांगितलं. त्याने आधीच फोन केला होता. तिने पातेलं माझ्या कानाजवळ भिंतीवर आपटलं. मी शांत राहिलो. ताबा येतोय.

७ मार्च, सकाळी
नळी मीच जोडली. कपाटातून रेडॉनची कुपीही मीच काढली. चष्मा घरी राहिला, पण हाताला सवय आहे. तेल दिसलं नाही. म्हणजे नाही. मेहुणा आडवा येणार. आला तर बाजूला करीन.

९ मार्च (डाव्या हाताने)
हॉस्पिटल. त्याने मनगट धरलं, मी पोटात कोपर मारलं आणि व्हॉल्व्ह उघडला. नळी पेटली, मग फुटली. खिडकी चौकटीसकट गेली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. भुवयाही. त्याने मला फरफटत बाहेर काढलं. काच त्याच्या डोळ्यात घुसली.
एवढा धडाका म्हणजे सहा नक्की जुळले. आठही असतील.

१० मार्च
बायको आली. निकाल सांगायला तोंड उघडलं, तिने थोबाडीत दिली. नर्सने अडवलं नाही. शास्त्रज्ञांचं हे असंच.

१२ मार्च
मेहुणा आला. डोळा गेलाय. म्हणाला, रेडॉनची कुपी शिशाच्या पेटीत तशीच आहे, सील शाबूत. तुम्ही जोडली ती रिकामी होती. जळलं ते तेल.
मी विचारलं, रेडॉन तरी नीट आहे ना. म्हणाला, पाव हिस्सा उरलाय, किरणोत्सारी आहे, सीलमध्येही आपोआप विरतोय.
मग तो उठला. मी डोळे मिटले. ठोसा आला नाही. त्याने पाण्याचा पेला माझ्या ओठांना लावला आणि संपेपर्यंत धरून उभा राहिला.