लोटीभर जीव

बाई,

आज विसरवाडीपासून दोन कोसांवरच्या एका गावात होतो. विहीर पायऱ्यांची, पाणी हिरवट, आणि खालच्या पायरीवर चार माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून घागरी भरत होती. मी लोकल बोर्डाचा माणूस, बरोबर चुन्याची दोन पोती. तासभर बोललो. पाण्यातले किडे भिंगातून दाखवले, नारू कसा होतो ते सांगितलं, पाणी फडक्यानं गाळून प्या म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एक म्हातारा म्हणाला, "साहेब, चुना टाका ना, पन मंग पानी कडू व्हई का?" मी निघालो तेव्हा तोच म्हातारा ओंजळीनं तेच पाणी पीत होता. ह्या आठवड्यातलं हे सहावं गाव. लढाई चालू आहे, त्यामुळे पुढच्या चुन्याचाही भरवसा नाही. गाडीवान बैलांना पाणी दाखवायला गेलाय, तो येईपर्यंत धर्मशाळेच्या ओट्यावर बसून हे लिहितोय. मारवाडी मला लिहिता येत नाही, इंग्रजी तुला कळणार नाही, म्हणून मराठीत. तुला तर यातलं काहीच वाचता येत नव्हतं, तेव्हा तसा काही फरक पडत नाही.

सुरतेच्या बोर्डिंगात मुलं मला हसायची. आईला बाई म्हणतोस, मग मोलकरणीला काय म्हणतोस? मी चिडायचो, पण त्या मुलांपेक्षा सायन्समध्ये मी पुढे होतो, तेवढ्यावर माझं भागायचं. सोळाव्या वर्षी मला बक्षीस म्हणून ते भिंग मिळालं. पितळी कडं, लाकडी मूठ. नंदुरबारला गाडीतून उतरलो, बैलगाडीनं तापी ओलांडून तळोद्याला येईपर्यंत मी वाटेतलं सगळं त्यातून बघितलं होतं. बैलाचा कान, गाडीवानाचं नख, माझीच जीभ. घरी आलो तर तू माठांच्या कट्ट्याजवळ बसलेली, पाणी गाळत. भोईण मावशीनं गल्लीच्या विहिरीवरून आणलेली घागर, माठाच्या तोंडावर जाड खादीचं दुपदरी फडकं, त्यातून तू पाणी सोडतेस, सावकाश. सगळं गाळून झालं की फडकं उलटं करतेस, त्यावर गाळलेलंच थोडं पाणी ओततेस आणि फडक्यावर राहिलेलं सगळं एका लोटीत उतरवून घेतेस. ती जिवाणी. फडक्यावर अडकलेले जीव जिथून आले तिथंच परत गेले पाहिजेत, म्हणून रोज सकाळी ती लोटी घेऊन तू स्वतः विहिरीच्या पायऱ्या उतरायचीस आणि पाण्याला लोटी टेकवून हळूच कलती करायचीस. वरून ओतलं तर त्यांना लागेल, असं तू म्हणायचीस.

त्या दिवशी मी लोटीतलं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि भिंग लावलं. पांढरे ठिपके, टुणटुण उड्या मारणारे. कपाळात एकच डोळा. एकीच्या मागे अंड्यांच्या दोन पिशव्या. मी ओरडलोच. तू हात पुसत आलीस, एक डोळा मिटून बघितलंस, बराच वेळ बघितलंस आणि हसायला लागलीस. "अरे, ही तर पोटुशी आहे!" (तुझं बोलणं मी मराठीत घालतोय, नाइलाज आहे.) मग सगळ्या गल्लीला सांगत सुटलीस. आपले साधुमहाराज सांगतात ते खोटं नाही, पाण्यात जीव असतात, माझ्या मुलाच्या इंग्रजी शाळेतही तेच शिकवतात, आणि त्यातली एक पोटुशी आहे. दोन दिवस शेजारच्या बायका पेला बघायला येत होत्या. मला वाटत होतं, आपण या गावात मायक्रोस्कोपच आणलाय.

तिसऱ्या दिवशी भोईण मावशी लंगडत आली. घोट्याच्या वर फोड फुटलेला, आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी लोंबत होतं. नारू. तिनं घागर उतरवली आणि तिथंच बसली. "पाय असा जळी ऱ्हायना ना बाई, पानीमा बुडाडा का बरं वाटस," म्हणाली. मी पळत जाऊन पुस्तक आणलं. पुस्तकात अर्धं पान होतं, चित्रासकट. नारूची पिल्लं ह्याच एकडोळ्या किड्याच्या पोटात राहतात, किडा पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातो आणि वर्षभरानं पायातून नारू बाहेर येतो. चित्रातला किडा म्हणजे आपल्या पेल्यातलीच ती पोटुशी. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्या घरात कधी कुणाला नारू झाला नाही, कारण तू गाळतेस. आणि मावशीला झाला, कारण ती विहिरीवर ओंजळीनं पिते. आणि विहिरीत हे किडे परत कोण सोडतं, रोज सकाळी, न चुकता?

मी ते तिच्यासमोरच बोललो. बोट दाखवून बोललो. "हिच्या पायातला नारू तुझ्या लोटीतून गेलाय, बाई."

मावशी हसली. "इंग्रजी शिकीसन पोऱ्याले पानीमा किडा दिखतस. आम्हले पानीमा पानीच दिखस. मन्ही सासूले बी नारू व्हता, तवय हाऊ पोऱ्या जलमना बी नव्हता." तिला ती गंमतच वाटली. तू हसली नाहीस. तू मला एवढंच विचारलंस, "हे पुस्तकात आहे?" मी म्हणालो, आहे. तू म्हणालीस, "छापलेलं?" मी चित्रावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तू विहिरीवर गेली नाहीस. अंगणात निंबाच्या सावलीत एक नवा माठ दिसला, पाण्यानं भरलेला, वर फडकं बांधलेलं. जिवाणी आता त्यात. मी म्हणालो, हे काय, फेकून दे ना उन्हात, एका मिनिटात संपेल. तू माझ्याकडे नुसतं बघितलंस. "गैलो है कांई?" वेडा आहेस का, हे तुझं रागावणं मला पाठ होतं. त्या दिवशी तू तेही म्हणाली नाहीस. विहिरीत सोडावं तर माणसाचा पाय जातो, उन्हात ओतावं तर जीव जातात, म्हणून तू मधली जागा शोधली होतीस. रोज सकाळी मला बोलवायचीस. "बघ रे, आहेत का?" मी भिंग लावायचो. वैशाखाचं ऊन, माठातलं पाणी दुपारी कोमट व्हायचं. पहिले तीन दिवस होते. चौथ्या दिवशी तळाशी सगळे आडवे. मी सांगितलं, खरं सांगितलं, तेव्हा मला खरं सांगण्याची फार हौस होती. तू तीन दिवसांचा उपास धरलास आणि माठ परत धुवून भरलास.

आणि मावशीचा पाय तू स्वतः घेतलास. रोज दुपारी ती ओसरीवर पाय पसरून बसायची, तू कोमट पाण्यानं धुवायचीस आणि बाहेर आलेला नारू काडीवर गुंडाळायचीस, रोज बोटभर, जोर न लावता, कारण तुटला तर आत सडतो. घरातली मोठी माणसं कुरकुरली, भोयणीचा पाय मांडीवर काय घेतेस म्हणून. तू ऐकलं नाहीस. एकदा मावशीनंच शिंकताना पाय झटकला आणि नारू तुटला. पाय सुजला, पिकला. सुटी संपून मी सुरतेला निघालो तेव्हा ती काठी टेकत दारापर्यंत आली होती. गुडघ्याखाली तो पाय पुढे कधीच सरळ झाला नाही.

पावसाळ्यात मी आमच्या सायन्सच्या सरांना हे सगळं सांगितलं, मोठ्या ऐटीत, मी लावलेला शोध म्हणून. सर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, लोटीत किती किडे असतील? मी म्हणालो, पन्नास-शंभर. विहिरीत किती? मी म्हणालो, लाखभर तरी. सर म्हणाले, लोटीतले आले विहिरीतूनच ना? ते परत गेले काय, न गेले काय, लाखात शंभरानं काय होतं? नारूची पिल्लं पाण्यात येतात कुठून, ते नाही विचारलंस. ती येतात पायातून. नारूवाला माणूस आग थांबावी म्हणून पाय पाण्यात बुडवतो, तेव्हा. पायऱ्या बंद कर, पाय बाहेर ठेव आणि पाणी गाळ. त्या गल्लीत बरोबर वागणारी एकच बाई आहे, ती तुझी आई.

मी वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत आलंही असतं.

दिवाळीला घरी आलो. दारातच मावशी भेटली. म्हणाली, "पोऱ्या, तुन्ही माय संवत्सरीले मन्हा घर उनी. मन्हा पाय धरात. माफी मांगनी. माले त काय बोलू तेबी सुचनं नही." तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. आपल्या जैनांच्या, वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायच्या त्या दिवशी तू भोयणीच्या दारात गेली होतीस. आणि आत दुकानाच्या गादीवर वडील कुणाला तरी सांगत होते, नारूचं कारण आमच्या मुलानं शोधलं. तूही फराळाचं ताट ठेवताना पाहुण्यांना तेच सांगितलंस, नजर खाली ठेवून, जणू त्यात तुझा दोष आणि माझं कौतुक एकाच ताटात वाढायचं होतं. मला वाटलं, पाहुणे गेले की सांगू. मग वाटलं, भाऊबीज होऊ दे. मग गाडीची वेळ झाली. माघात तुला ताप आला, चार दिवसांचा, आणि मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

तेव्हापासून पायऱ्या बंद करा, पाणी गाळा, असं सांगत मी गावोगाव फिरतोय. लोकांना वाटतं, पगारासाठी. कधी कधी मलाही तसंच वाटतं, ते बरं असतं. गाडीवान आलाय, बैल जुंपतोय. हा कागद मी चुन्याच्या पावत्यांत ठेवीन आणि पावत्या ऑफिसात दिल्या की हा फाडीन.

त्या दिवाळीत मी चार दिवस घरी होतो. चारही दिवस जेवायला वाढताना तू विचारत होतीस, शाळेत काय नवीन शिकवलं. मी म्हणत होतो, काही विशेष नाही.