तरटाची समाधी

सोलापूर, मंगळवार, २१ जानेवारी १९३०

आमच्या ऐतिहासिक चित्रपटासाठी होटगीच्या माळावर मी सरदाराची समाधी उभी केली होती. आत बांबू, वर तरट, त्यावर प्लास्टर. उद्याच्या प्रवेशात शत्रूचे शिपाई ती लाथांनी पाडणार. आज दिग्दर्शकांबरोबर जागा पाहायला गेलो, तर समाधीला शेंदूर फासलेला! पुढं नारळ फोडलेला, आणि तापानं फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन एक धनगरीण बसलेली.

तिनं समाधीवर कपाळ टेकवलं. आतून धप्प आवाज आला. पोकळच ना ती!

"आतनं बोलला की देव!" ती हरखली. "पोराला सोलापूरच्या दवाखान्यात न्यायला निगाले हुते. आता कशाला?"

मी म्हणालो, "बाई, हे मी केलंय. आत काही नाही."

"तुमी केलं, पन ऱ्हायला त्यो आला की."

पोराचे डोळे फिरायला लागले होते. शेवटी मीच समाधीवर थाप मारली. तोच पोकळ आवाज. कान लावला आणि म्हणालो, "दवाखान्यात ने म्हणतोय."

ती ताडकन उठली. दिग्दर्शकांनी मोटार दिली.

ते ठीक झालं. पण परत निघताना पायाला खडे टोचले, म्हणून खाली पाहिलं, तर पाय अनवाणी. चपला समाधीपासून लांब, नीट जोडीनं काढून ठेवलेल्या. माझ्याच. कधी काढल्या मी?

उद्या लाथ मारायला कुणाला सांगू?